जेट स्की थ्रॉटल देताच गुदमरते? आधी पेट्रोल बघा

पावसाळ्यानंतर जेट स्की पुन्हा पाण्यात उतरल्या, की ही तक्रार हमखास येते: सुरू होते, पण थ्रॉटल दिला की बंद. लगेच स्पार्क प्लग बदलू नका. टाकीच्या अगदी तळातलं पेट्रोल हातपंपाने काचेच्या बरणीत काढा. वरवरचं काढून काही कळत नाही. पेट्रोलमध्ये पाणी शिरलं असेल, तर ते जड असल्याने तळाशी बसतं. मोकळ्या हवेत, आगीपासून लांब, बरणी स्थिर ठेवा. खाली वेगळा थर आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसली, की निदान झालं. इथेनॉल मिसळलेल्या ई२० पेट्रोलमध्ये तर पाणी इथेनॉललाही सोबत खाली ओढतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घटतो. म्हणून टाकी पूर्ण रिकामीच करा. मग झाकणाची रबरी रिंग आणि व्हेंट पाइपचा व्हॉल्व्ह तपासा. पाणी बहुतेकदा तिथूनच शिरतं.