शिबिर संपल्यावर

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात प्रशिक्षण होतच नाही, ही तक्रार आता जुनी झाली. मे 2018 मध्ये लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी दवाखान्यांतल्या आणि तुरुंगांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक व तातडीच्या मानसिक उपचारांचे शिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. 2021 मध्ये आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठी जो कायदा झाला, त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ, वैद्यकीय समाजकार्यकर्ते, एचआयव्ही व कुटुंबनियोजन समुपदेशक, मानसिक आरोग्य साहाय्यक अशा मंडळींना वेगळा वर्ग मिळाला. शिबिरेही भरतात. सह्यांचे रजिस्टर फिरते, पुस्तिका वाटल्या जातात, फोटो निघतो, प्रमाणपत्र हातात पडते. प्रश्न त्यापुढचा आहे. शिबिराहून परतलेली आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, पुढच्या आठवड्यात एखाद्या घरी झोप उडालेल्या, जेवणावरून मन उठलेल्या बाईसमोर बसते, तेव्हा तिने काय विचारले, काय विचारायचे राहिले, हे तिला सांगणारे कोणी असते का? आपण सगळा जोर शिकवण्यावर देतो आणि शिकलेले हातात मुरावे म्हणून फार थोडे करतो. सोलापूरसारख्या जिल्ह्यात हा हिशेब उलटा मांडायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

सोलापूरच का, याला कारण आहे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 43 लाखांवर होती; तालुके अकरा. राज्य सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यामुळे गंभीर आजाराच्या रुग्णाला घरचे लोक सिव्हिलला, म्हणजे डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेतात, नाहीतर पुण्याचा रस्ता धरतात. 2015 साली शेतकऱ्यांच्या मानसिक ताणासाठी राज्याने 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला तो विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांत. शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, त्यात होता, सोलापूर नव्हता. अवर्षण काही जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही, पण योजना थांबतात. अशा ठिकाणी मानसिक आरोग्याचे रोजचे काम कुणाच्या अंगावर पडते? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक असते. त्याच्या आराखड्यात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता, परिचारिका अशी पदे आहेत. पण लोकांच्या दाराशी रोज असते ती आशा, उपकेंद्रातली एएनएम आणि समुदाय आरोग्य अधिकारी. आशाच्या हातातल्या आरोग्य-तपासणीच्या सी-बॅक फॉर्ममध्ये उदासीनतेविषयी दोन प्रश्न आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही का, मन खचल्यासारखे वाटले का. हे दोन प्रश्न विचारायला शिकवणे एका दुपारचे काम आहे. उत्तर 'हो' आले तर पुढे काय बोलायचे, आणि समोरची व्यक्ती 'जगण्यात राम नाही' म्हणाली तर उठून न जाता कसे बसून राहायचे, हे एका दुपारी येत नाही.

याला पुरावा आहे, आणि तो चांगला जुना आहे. 2004 साली अमेरिकेत मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या 140 व्यावसायिकांवर एक प्रयोग केला. शिकवायची होती रुग्णाला बदलाकडे वळवणारी संवादाची पद्धत. काहींना फक्त कार्यशाळा दिली. काहींना कार्यशाळेनंतर त्यांच्या प्रत्यक्ष संवादांवर अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळत राहिले. कार्यशाळेने सगळेच सुधारले. पण काही महिन्यांनी पाहिले तेव्हा नुसत्या कार्यशाळेवर थांबलेल्यांचे कौशल्य ओसरत चालले होते, आणि पाठीशी कोणी राहिले होते त्यांचे टिकले होते. रुग्णाच्या बोलण्यात फरक दिसला तो अभिप्राय आणि मार्गदर्शन दोन्ही मिळालेल्या गटात. डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचा धांडोळा घेणाऱ्या अभ्यासांनीही 1990 च्या दशकातच सांगून ठेवले होते की, नुसती व्याख्याने ऐकून डॉक्टरांचे वागणे बदलत नाही.

अमेरिकेचे इथे कशाला, असे कोणी म्हणेल. मग गोव्याचे पाहू. 'संगत' या संस्थेच्या पुढाकाराने तिथे झालेल्या 'मानस' चाचणीचे निष्कर्ष 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या समुपदेशकांनी सरकारी आरोग्य केंद्रांत काम केले, तिथे सहा महिन्यांनी सुमारे 66 टक्के रुग्ण बरे झाले. एरवीच्या उपचारांत हे प्रमाण 42 टक्क्यांच्या आसपास राहिले. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. त्यानंतर तिथल्याच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर उदासीनतेसाठीची छोटी, सहा ते आठ बैठकांची पद्धत तपासली गेली. तीन महिन्यांनी तिचा लाभ मिळालेल्यांत 64 टक्के रुग्ण आजाराच्या कक्षेबाहेर आले होते. इतरांत 39 टक्के. मला या चाचणीतला आकड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो तिचा आराखडा. समुपदेशकांचे वर्गातले शिक्षण तीन आठवड्यांचे होते, आणि त्यानंतर देखरेखीखाली उमेदवारी होती सहा महिन्यांची. पुढेही बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून एकमेकांच्या कामाला गुण देणे आणि त्यावर चर्चा करणे चालूच राहिले. यंत्रमागाच्या कारखान्यात नवा कामगार जुन्याच्या शेजारी उभा राहून शिकतो, भाषणे ऐकून नव्हे. सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत झालेल्या 'विश्राम' कार्यक्रमातही गावातल्याच कार्यकर्त्यांवर भर होता. उदासीनतेने ग्रासलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणारे सुरुवातीला 4.3 टक्के होते. 18 महिन्यांनंतर 27.2 टक्के झाले.

मग जिल्हा कार्यक्रमात हे का दिसत नाही? त्याचा उगम 1980 च्या दशकात कर्नाटकातल्या बळ्ळारीत झाला. निम्हान्स या बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शनाखाली तिथे प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि आरोग्य सेवकांना तयार केले, आणि त्यांच्या कामावर जिल्ह्याच्या पातळीवरून लक्षही ठेवले. 1996 पासून हेच प्रारूप देशभर न्यायला सुरुवात झाली, आणि पसरता पसरता त्यातला दुसरा भाग पातळ झाला. बऱ्याच ठिकाणी जिल्हा कार्यक्रम म्हणजे तज्ज्ञाची फिरती ओपीडी, एवढाच अर्थ उरला. शिबिराचा खर्च दाखवता येतो, हजेरी मोजता येते; दर पंधरवड्याला कोणी कुणाशी तीन रुग्णांविषयी तासभर बोलले, याला अहवालात रकाना नाही. सरकारी कामात ज्याला रकाना नाही ते झालेच नाही असे धरले जाते. डॉक्टरांच्या बाबतीतही वेगळे नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण करायला पाच वर्षांत 30 क्रेडिट गुण लागतात. नियम चांगला आहे, पण परिषदेत खुर्ची अडवली तरी गुण मिळतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : तज्ज्ञच नाहीत, तर देखरेख करायची कुणी? देशात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ येत नाही, ही गोष्ट खरी आहे. पण गोव्यातल्या एका अभ्यासाने हेच तपासले होते. समुपदेशकांनी एकमेकांच्या बैठकांना दिलेले गुण आणि तज्ज्ञांनी दिलेले गुण यांचा बऱ्यापैकी मेळ बसला. म्हणजे तज्ज्ञाने प्रत्येक बैठकीला हजर असायची गरज नाही. सहकाऱ्यांनी चर्चा करावी आणि अडलेले तेवढे वर जावे. निम्हान्सने कर्नाटकात आणखी एक वाट काढली आहे : प्राथमिक केंद्राचा डॉक्टर रुग्ण तपासत असतानाच बंगळूरचा मनोविकारतज्ज्ञ व्हिडिओवरून सामील होतो, आणि शिकवणे त्या तपासणीतच उरकते. सोलापूरच्या महाविद्यालयात मनोविकारशास्त्र विभाग आहेच. आठवड्याचा एक तास त्याला मिळाला, तर अकराही तालुक्यांना आळीपाळीने पुरवता येईल.

दुसरा आक्षेप ऑनलाइनवाल्यांचा. निम्हान्सची डिजिटल अकादमी आहे, मोबाइलवर अभ्यासक्रम आहेत, स्वस्त आहेत. मग ही यातायात कशाला? माहिती पोहोचवायला ती साधने उत्तम आहेत, त्यांच्यावर राग धरायचे कारण नाही. पण मध्य प्रदेशात बिगरतज्ज्ञ कर्मचाऱ्यांवर झालेल्या एका प्राथमिक चाचणीत, समोरासमोर शिकलेल्यांची क्षमता डिजिटल शिकलेल्यांपेक्षा जास्त वाढलेली दिसली. चाचणी लहान होती, तेव्हा तिच्यावर मोठा इमला बांधू नये. तरी मोबाइल अभ्यासक्रमाला माणसाची जोड लागते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आशांच्या डोक्यावर आधीच बाळंतपणे, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन नोंदी आहेत, आणि त्यांचे बरेचसे पैसे कामागणिक ठरतात. ज्या कामाला दर नाही ते कोणी का करावे? याचे उत्तर आशाच्या सेवाभावात शोधणे हा अन्याय आहे. चर्चेच्या बैठकीला मोबदल्याच्या यादीत जागा हवी. आणखी एक शंका असते, की कर्ज, पाण्याचा टँकर, हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी यांनी पिचलेल्या माणसाला समुपदेशन काय देणार? कर्ज ते फेडणार नाही, हे कबूल. पण विडी वळणारी बाई पाठ-डोके दुखते म्हणून वर्षभर वेदनाशामक गोळ्या घेत राहते, तेव्हा तिच्या खर्चात आणि त्रासात भर पडते ती कुणी नेमका प्रश्न न विचारल्यामुळे. ते काम शिकता येते.

सोलापुरात यात भाषेची एक गाठ आहे. शहराच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांची आणि विडी कामगारांची तेलुगू घरे, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, जागोजागी दख्खनी उर्दू. पुस्तिका मराठीत, शिकवणारा मराठीत. प्रत्यक्ष संवाद मात्र वेगळ्याच भाषेत. रडणाऱ्या माणसाशी बोलायचे वाक्य आयत्या वेळी मनात भाषांतर करून येत नाही. म्हणून अक्कलकोटच्या कन्नड बोलणाऱ्या आशांनी आपले संवाद आपसांत कन्नडमध्येच करून पाहावेत, पूर्व भागातल्यांनी तेलुगूत. बाहेरच्या तज्ज्ञाला ते कळणार नाहीत. सहकाऱ्यांच्या देखरेखीचा हा आणखी एक फायदा. बैठक जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवण्याचा मोह मात्र टाळावा लागेल. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरपेक्षा लांब आहे, आणि तासाभराच्या चर्चेसाठी एसटीत दिवस घालवायला लागला तर दुसऱ्या बैठकीला कोणी येणार नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, एरवी मासिक सभेसाठी आशा जमतात त्याच दिवशी, चर्चा ठेवता येईल. रुग्णाचे नाव न घेता प्रत्येकीने एक प्रसंग मांडायचा. जीवाला धोका दिसला तर त्या दिवसाची वाट न पाहता 14416 हा टेली-मानस मदतवाहिनीचा क्रमांक आणि सिव्हिलचा रस्ता दोन्ही ठाऊक हवेत. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी सरकारला अंमलबजावणीपासून दहा वर्षे दिली होती. ती मुदत 2028 मध्ये भरते, आणि तेवढे मनोविकारतज्ज्ञ तोवर तयार होणार नाहीत, हे गणित आजही मांडता येते. तालुक्याची मासिक सभा मात्र त्या आधीही कित्येकदा भरणार आहे.