त्वचेचे आरोग्य : गजकर्णावर परस्पर मलम लावू नका

त्वचा हा आपल्या शरीराचा सर्वांत मोठा अवयव आहे. केस, नखे, स्वेदग्रंथी व तैलग्रंथी ही तिचीच अंगे होत. वरच्या थरास बाह्यत्वचा म्हणतात. तिच्या पृष्ठभागावरील मृत पेशी सतत गळून पडतात व खालून नव्या पेशी वर येतात. हे चक्र साधारणतः चार आठवड्यांत पूर्ण होते. बाह्यत्वचेखालील अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि त्वचेस बळकटी देणारे तंतू असतात. त्वचा अखंड व कोरडी असेपर्यंत बहुतेक जंतूंना शरीरात सहज प्रवेश मिळत नाही.

गजकर्ण कसे होते?

उष्ण व दमट हवेत जांघा, काखा, कंबर व पायांच्या बोटांमधील जागा घामाने ओलसर राहते. तेथे बुरशी वाढून गजकर्ण (नायटा) होते. गोलाकार चट्टा, उंच व खवल्यांची लालसर कडा आणि तीव्र खाज ही त्याची लक्षणे होत. हा आजार संसर्गजन्य असून रुग्णाचे टॉवेल, कपडे व अंथरूण यांतूनही पसरतो.

मलमामुळे अपाय कसा होतो?

अनेक जण दुकानातून परस्पर मलम आणतात. त्यात स्टिरॉइड असल्यास खाज व लाली दोन-चार दिवसांत कमी होते आणि आजार बरा झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात स्टिरॉइडमुळे त्वचेची प्रतिकारशक्ती मंदावते व बुरशी अधिक पसरते. चट्ट्याचे मूळ रूप बदलल्याने निदानही कठीण होते. दीर्घकाळ वापर केल्यास त्वचा पातळ होते, तिच्यावर कायमचे वण उमटतात. चेहऱ्यावर पुरळ व लव येऊ शकते. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टिरॉइडची नावे आहेत. मलमाच्या वेष्टनावर ती आहेत का, हे अवश्य पाहावे. असे मलम बरेच दिवस वापरत असल्यास ते घेऊन डॉक्टरांकडे जावे व पुढील उपचार त्यांच्या सल्ल्याने करावा.

घरी घ्यावयाची काळजी

• रोज स्नान करावे व अंग, विशेषतः जांघा आणि बोटांमधील जागा, पूर्ण कोरडी करावी.
• सैल, सुती कपडे वापरावेत. घामाने भिजलेले कपडे त्वरित बदलावेत.
• प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवावा. रुग्णाचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवावेत.
• घरात एकाहून अधिक जणांना लागण झाल्यास सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.
• खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत औषध सुरू ठेवावे.

प्रत्येक चट्टा गजकर्ण नसतो

फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श, उष्णता वा वेदना जाणवत नसेल, तर ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. अशा चट्ट्यास बहुधा खाज नसते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ही औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. उपचारास विलंब झाल्यास मात्र मज्जातंतूंना इजा होऊन हातापायांत विकृती येऊ शकते.

त्वचेवर नवा चट्टा दिसल्यास संकोच न करता जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. आधी निदान, मगच औषध.