पंचवीस दिवसांचा शेक पाच दिवसांवर

स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचे निदान झाले की अनेक घरांत पहिला विचार येतो तो ‘एकदाचे सगळे काढून टाकावे आणि मोकळे व्हावे’ असा. दुकान, घर, वडीलधारी माणसे आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून डोंबिवली किंवा कल्याणहून रोज परळ गाठायचे, या कल्पनेनेच धीर खचतो. म्हणून स्तन राखणे शक्य असूनही तो पूर्ण काढण्याचा निर्णय होतो. कधी त्याहून घातक गोष्ट घडते. केवळ गाठ काढली जाते, पण त्यानंतरचा किरणोपचार, ज्याला घरोघरी ‘शेक’ म्हणतात, तो टाळला जातो किंवा अर्ध्यावर सोडला जातो. या निर्णयांमागे फेऱ्यांची संख्या हेच मुख्य कारण असेल, तर ती संख्या आता पुष्कळ कमी झाली आहे, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे.

गाठ काढली, मग शेक कशासाठी?

इटलीत मिलान येथे डॉ. उंबर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ मध्ये आणि अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे त्यांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रारंभीच्या अवस्थेत स्तन राखलेल्या आणि पूर्ण काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. मात्र फिशर यांच्या अभ्यासात केवळ गाठ काढलेल्या शंभरपैकी सुमारे ३९ जणींना त्याच स्तनात रोग पुन्हा झाला. शेक घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ होते. आजच्या औषधांमुळे दोन्ही आकडे खाली आले आहेत, तरी तत्त्व तेच आहे. डोळ्यांना आणि तपासणीला न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात, त्यांचा नाश किरण करतात. स्तन राखण्याच्या शस्त्रक्रियेचा शेक हा उत्तरार्धच आहे.

फेऱ्या कमी कशा झाल्या?

पूर्वी ५० ग्रे इतकी मात्रा २५ दिवसांत, म्हणजे पाच आठवड्यांत विभागून दिली जाई. ब्रिटनमधील अभ्यासाने दाखवून दिले की रोजची मात्रा थोडी वाढवून एकूण मात्रा ४० ग्रेपर्यंत घटवली, तर १५ दिवसांत तितकाच परिणाम साधतो आणि त्वचा व स्तनाचा आकार अधिक चांगला राहतो. पुढे ४,०९६ रुग्णांच्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. २६ ग्रे मात्रा अवघ्या पाच दिवसांत दिली असता रोग उलटण्याचे प्रमाण तीन आठवड्यांच्या उपचारापेक्षा अधिक नव्हते. तरुण वयात किंवा धोका अधिक असल्यास गाठीच्या जागेवर काही दिवस जादा शेक द्यावा लागतो. काखेतील गाठींना लागण असेल तर आखणी बदलते.

परळमधील एक अभ्यास

एकाच बैठकीत शेक देण्याच्या कल्पनेचा धागा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाशी जोडलेला आहे. डॉ. जयंत वैद्य व सहकाऱ्यांनी तेथे काढून टाकलेल्या स्तनांची संपूर्ण सूक्ष्म तपासणी केली आणि १९९६ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. मूळ गाठीपासून दूरही कर्करोगाचे सूक्ष्म ठिपके अनेकदा आढळतात. परंतु स्तन राखल्यावर रोग उलटतो तो बहुधा मूळ गाठीच्या आसपासच. मग किरण तेवढ्याच जागी का देऊ नयेत? या विचारातून लंडनमध्ये ‘टार्गिट’ पद्धत आकारास आली. गाठ काढताच, भूल उतरण्यापूर्वी, त्या पोकळीत गोलाकार उपकरण ठेवून अर्ध्या तासाच्या आसपास किरण दिले जातात.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार पाच वर्षांत त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण या पद्धतीत २.११ टक्के, तर नेहमीच्या शेकात ०.९५ टक्के होते. फरक लहान असला तरी तो आहे, आणि त्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. शिवाय अंतिम अहवालात धोका अधिक दिसल्यास पुढे संपूर्ण स्तनाला शेक घ्यावाच लागतो. हे यंत्र मोजक्याच ठिकाणी असते.

वय ६५ किंवा अधिक, गाठ लहान, काख स्वच्छ आणि हार्मोनला प्रतिसाद देणारा रोग असेल, तर गोळ्या नियमित घेण्याच्या अटीवर शेक टाळण्याचाही विचार होतो. दहा वर्षांत तशा शंभरपैकी सुमारे दहा जणींत रोग उलटला, शेक घेतलेल्यांत सुमारे एकीत. आयुर्मान मात्र सारखेच राहिले. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत लवकरच्या वयात आढळतो, म्हणून ही सवलत सर्वांनी स्वतःला लावून घेऊ नये.

ठाणे-कल्याणच्या घरांसाठी

शेकाविषयीचे प्रश्न शस्त्रक्रियेनंतर नव्हे, आधी विचारावेत. स्तन राखता येईल का? शेक किती दिवसांचा? जादा मात्रा लागेल का? डाव्या स्तनाचा रोग असल्यास श्वास रोखून हृदयाला किरणांपासून दूर ठेवण्याची सोय आहे का? पूर्ण स्तन काढूनही काहींना शेक घ्यावाच लागतो, हेही आधीच समजून घ्यावे.

शेक घेताना हात डोक्यावर न्यावा लागतो. त्यासाठी खांद्याचे व्यायाम वेळेवर करावेत. गर्दीच्या लोकलमध्ये त्या हाताने कडी धरणे कठीण जाते, म्हणून सोबत एक माणूस असावे. खारघरच्या टाटा केंद्रात उपचार असतील तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी सोयीची पडते. ठाण्यात बाळकुम येथे महापालिका आणि ‘जितो’ यांच्या सहभागातून उभ्या राहणाऱ्या कर्करोग रुग्णालयाचे भूमिपूजन २०२३ मध्ये झाले. ते पूर्ण झाल्यावर हा प्रवास आणखी आखूड होईल.

पर्युषण किंवा दशलक्षण पर्व उपचारांच्या मध्ये आले तर शेकात खंड पाडू नये. चौविहार पाळणाऱ्या भगिनींनी दुपारपूर्वीची वेळ मागून घ्यावी. दीर्घ तप करण्याचा संकल्प असल्यास तो आधी डॉक्टरांना सांगावा आणि शक्ती परत येईपर्यंत पुढे न्यावा.

आठवडाभर दुकानाची गल्ल्याची बाजू दुसऱ्या कोणी सांभाळली, तर घरातील एका स्त्रीचा उपचार पूर्ण होतो. एवढा हिशेब कोणत्याही व्यापारी घराला जमण्यासारखा आहे.