हरित वायूचे प्रमाणपत्र आणि त्याचा व्यापार

इंदूरच्या शाखेत वडिलांनी भरलेली रक्कम मुलगा बेंगळुरूच्या शाखेतून काढतो. त्याच्या हाती पडणाऱ्या नोटा वडिलांनी भरलेल्या नसतात. तरीही पैसे त्यांचेच आहेत, याविषयी कोणालाही शंका येत नाही. हा विश्वास खात्यातील नोंदीवर उभा असतो. नवीकरणीय वायूचा व्यापारही याच तत्त्वावर चालतो.

शेण, सांडपाणी, ओला कचरा यांच्यापासून जैववायू तयार होतो. त्यातील कार्बन डायऑक्साइड व अन्य अशुद्ध घटक काढून टाकले की उरतो तो बायोमिथेन. नैसर्गिक वायूच्या वाहिनीत तो एकदा मिसळला की वेगळा ओळखता येत नाही. मग ग्राहकाला ‘हरित वायू’ मिळाला, हे ठरवावे कसे?

ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये डिडकॉट येथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बायोमिथेन प्रथमच तेथील राष्ट्रीय वायुजालात सोडण्यात आला. पुढच्याच वर्षी ‘ग्रीन गॅस सर्टिफिकेशन स्कीम’ सुरू झाली. वाहिनीत सोडलेला वायू मापकाने मोजला जातो व प्रत्येक किलोवॉट-तासाला स्वतंत्र क्रमांक मिळतो. वायू कोठे, केव्हा व कशापासून निर्माण झाला, याची नोंद प्रमाणपत्रात असते. प्रमाणपत्र एका खात्यातून दुसऱ्या खात्यात विकले जाते आणि अखेरच्या ग्राहकाच्या नावे लागले की व्यवहारातून कायमचे बाद होते. वटलेला धनादेश पुन्हा वटत नाही, तसेच हे. उत्पादकाला यातून वायूची किंमत आणि प्रमाणपत्राची किंमत, असे दुहेरी उत्पन्न मिळते.

या पद्धतीत प्रमाणपत्र वायूपासून अलग विकता येते. दुसरी पद्धत वस्तुमान-ताळेबंदाची. तीत परस्परांशी जोडलेल्या जालात ठरावीक मुदतीत जितका हरित वायू आत आला, तितकाच त्या नावाने बाहेर गेला, हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. युरोपीय संघाच्या २०१८ च्या निर्देशानुसार उगमाचे प्रमाणपत्र एक मेगावॉट-तासाचे असते आणि निर्मितीनंतर १२ महिनेच त्याचा व्यवहार करता येतो.

खरा धोका दुहेरी गणनेचा. प्रमाणपत्र विकल्यावरही उत्पादकाने ‘आमचा वायू हरित’ असा दावा केला, तर एकच गोदाम-पावती दोन बँकांकडे तारण ठेवल्यासारखे होते. शिवाय हे प्रमाणपत्र केवळ उगम सांगते. प्रकल्पातून होणाऱ्या मिथेनच्या गळतीची तपासणी स्वतंत्रपणेच व्हावी लागते.

आपल्या देशात विजेच्या नवीकरणीय प्रमाणपत्रांचा व्यवहार २०११ पासून वीज-बाजारात होत आहे. वायूच्या बाबतीत, नोव्हेंबर २०२३ मधील घोषणेनुसार, शहरी वायुवितरणात संपीडित जैववायूचे प्रमाण २०२५-२६ साठी १ टक्का असून २०२८-२९ पासून ते ५ टक्के होईल. अशा प्रकल्पांची कर्जे रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये अग्रक्रम क्षेत्रात समाविष्ट केली आहेत.

त्यामुळे असे कर्जप्रस्ताव आपल्या शाखांकडेही येतील. त्यात प्रमाणपत्रांचे उत्पन्न दाखविले असल्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : प्रमाणपत्र कोण देणार, नोंदवही कोण ठेवणार आणि विकलेले प्रमाणपत्र बाद झाल्याचा पुरावा कोणता? ‘हरित’ वायूसाठी चार पैसे अधिक मोजणाऱ्या ग्राहकानेही तिसरा प्रश्न आवर्जून विचारावा.