जुनी जावा आणि धर्मादाय राइडची तयारी

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 ते 1996 या काळात आधी जावा आणि नंतर येझदी मोटारसायकली बनल्या. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतींतही त्या दिसत.

जुन्या गाड्यांसाठी आज मोठे निमित्त ठरते ते 'डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड'. 2012 मध्ये सिडनीत मार्क हावा यांनी ती सुरू केली. सुटाबुटातले स्वार प्रोस्टेट कर्करोग आणि पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी जमवतात. भारतातही ती निघते.

अशा किंवा कुठल्याही लांब राइडआधी 250 सीसी टू-स्ट्रोक जावाची तयारी करताना पॉलिशपेक्षा प्लग, पॉइंट आणि सायलेन्सर महत्त्वाचे. पॉइंटमधली फट साधारण 0.4 मिलिमीटर ठेवतात. सायलेन्सरमध्ये काजळी साचली की गाडी ओढत नाही. किक आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक होते, हे नवख्याला आधी शिकवावे लागते.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. म्हणूनच घाट उतरताना थ्रॉटल बराच वेळ बंद ठेवू नये: पेट्रोल तुटले की ऑइलही तुटते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. मधूनमधून थोडी रेस द्यावी. सोबत जादा प्लग, क्लच केबल आणि ऑइलची बाटली असावी.