गॅरेजमध्ये कार्यशाळा थाटताय? रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

निवृत्तीनंतर बाबांची सुतारकामाची जुनी हौस पुन्हा जागी होते. गाडी अंगणात उभी राहू लागते आणि गॅरेजमध्ये टेबल, ड्रिल, करवत, रंधा येतो. पहिले चार महिने मजेत जातात. मग एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता आत पाय ठेववत नाही. पावसाळ्यात भिंतीला टेकवलेलं प्लायवूड फुगतं, पटाशीला गंज चढतो. ग्राइंडर सुरू झाला की शेजारच्या खोलीत दहावीचा अभ्यास करणारी नात वैतागते.

यावर झटपट उपाय म्हणून अनेक जण भिंतींवर थर्माकोलच्या शीट चिकटवतात आणि वरून रंग मारतात. दिसायला काम छान होतं. पण ओल आत कोंडली जाते आणि आगीला खाद्य मिळतं. म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा.

आधी ओल शोधा

दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील, तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील, तर दोष हवेतल्या दमटपणाचा. तिथे खेळती हवा हा उपाय. ही परीक्षा पावसाळ्यात घेतली तर खरं चित्र कळतं.

भिंतीच्या खालच्या भागात पांढरी भुकटी, म्हणजे लोणा दिसत असेल, तर जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतंय, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. बाहेरच्या बाजूला भिंतीला टेकून मातीचा वाफा किंवा कुंड्या असतील तर आधी त्या हलवा. बाहेरच्या भेगा बुजवा. खराब प्लास्टर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून वॉटरप्रूफिंग मिसळलेलं नवीन प्लास्टर करून घ्या. त्याला किमान सात दिवस पाणी मारा आणि नंतर तीन-चार आठवडे सुकू द्या. कोकण, गोवा, केरळसारख्या भागांत म्हणूनच हे काम पावसाळा सरल्यावर काढावं.

सगळ्या भिंती झाकायची गरज नाही

९ इंची विटांची भिंत दिवसभर ऊन पिते आणि तीच उष्णता संध्याकाळी आत सोडते. त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेकडच्या भिंतींना पहिला मान द्या. घराला लागून असलेल्या भिंतीला उन्हाची भीती नसते. तिथे प्रश्न आवाजाचा. छप्पर पत्र्याचं असेल तर मात्र सुरुवात तिथूनच करा. तापलेला पत्रा डोक्यावर ठेवून नुसत्या भिंती झाकल्या, तर खर्च वायाच जाईल.

थर्माकोल की रॉकवूल?

थर्माकोल स्वस्त आणि हलका असतो. पण तो पेटतो आणि काळा, विषारी धूर सोडतो. जिथे ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात आणि लाकडाचा भुसा साचतो, तिथे तो उघडा ठेवणं धोक्याचं. रॉकवूल महाग पडतं, पण ते दगडापासून बनतं, जळत नाही आणि आवाजही शोषतं. भिंतीवर दोन-दोन फुटांवर जीआय चॅनल उभे करून मध्ये ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे स्लॅब बसवतात. ते हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा आणि मास्क हवाच. त्याचे तंतू खाज आणतात.

भिंत बंद करण्यापूर्वी

वायरिंग पाइपमधून घ्या. सॉकेट टेबलाच्या उंचीच्या वर ठेवा. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. शॉक लागल्यास तो क्षणार्धात वीज तोडतो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मग मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना आत वायर कुठून गेली आहे ते त्यातच सापडेल.

आता फिनिशिंग

खालचे चार फूट सिमेंट बोर्ड लावा. ओल आणि धक्के तो सहन करतो. वरच्या भागात १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड चालेल. जमिनीपासून अर्धा इंच जागा सोडा, म्हणजे फरशी धुताना बोर्ड पाणी ओढणार नाही. अवजारं टांगायची तिथे जिप्समवर भरवसा ठेवू नका. चॅनलवर स्क्रूने प्लायवूडची पट्टी बसवा. सांधे लांबीने भरा आणि शेवटी पांढरा किंवा फिकट रंग द्या. उजेड वाढतो, बोट आणि पातं यांतलं अंतर नीट दिसतं.

एक्झॉस्ट फॅन विसरू नका आणि काम संपलं की भुसा रोज झाडा. भिंती झाकलेल्या बंद गॅरेजमध्ये गाडीचं इंजिन कधीही चालू ठेवू नका. तिथे साचणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, आणि त्याला वासही नसतो.

एवढं केलंत की बाबांची करवत एप्रिलमध्येही चालेल आणि शेजारच्या खोलीत नातीचा अभ्यासही.