जुन्या रायफलची नवी नळी

अंधेरीच्या मरोळ औद्योगिक वसाहतीपासून साकीनाक्यापर्यंत आणि घाटकोपरहून भांडुपमार्गे मुलुंडकडे जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना लोखंड कातण्याचे आणि त्यावर आटे पाडण्याचे काम अनेक दशके चालत आले आहे, आणि यंत्राचा मोडलेला भाग दाखवून तसाच नवा करून घेता येतो ही या पट्ट्याची ख्याती आहे. मात्र याच उपनगरांतील एखाद्या घरात वारशाने आलेल्या लिव्हर अॅक्शन रायफलची नळी गंजून निकामी झाली, तर यांपैकी कोणत्याही लेथला तिला हात लावण्याची मुभा नाही. अडचण कौशल्याची नसून नळीला कायद्यात आणि रायफलच्या रचनेत जे स्थान आहे, त्यातून ती उद्भवते.

चापाभोवतीच्या कड्याला जोडलेली तरफ खाली ओढून पुन्हा वर आणली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि भरलेले आत जाते, अशी रचना असलेल्या बंदुकीला लिव्हर अॅक्शन म्हणतात. अमेरिकेत १८६०च्या हेन्री रायफलने हा प्रकार रुजवला आणि जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या विंचेस्टर १८९४ या नमुन्याने तो जगभर नेला. या एका नमुन्याच्या ७० लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. मुंबईत साहेबी शिकारसाहित्य विकणाऱ्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा १८९१ मध्ये उघडली आणि साष्टी बेटावरील विहार-कान्हेरीचे रान तेव्हा शिकारीचेच क्षेत्र होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार थांबवली आणि ते रान आज बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आहे, हे उत्तमच झाले. पण त्या काळातील शस्त्रे कपाटात राहिली.

नळी निकामी होण्यामागे गोळीच्या घर्षणापेक्षा मुंबईच्या हवेचा हात अधिक असतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठिणगी देणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड हा मिठासारखा क्षार उरतो, आणि हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांच्या वर गेली की तो हवेतील पाणी शोषून विरघळू लागतो. पावसाळ्यात उपनगरांत ही मर्यादा कित्येक दिवस सलग ओलांडलेली असते. हा क्षार तेलाने निघत नाही, तो पाण्यानेच धुवावा लागतो, आणि हे ठाऊक नसल्यामुळे वर्षानुवर्षे निष्ठेने तेल लावलेल्या नळ्यांनाही आतून खड्डे पडलेले आढळतात. त्यातच निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना शस्त्रे जमा करावी लागतात, तर परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर ताबा संपला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवणे कलम २१ नुसार बंधनकारक असते. तेथे पुसले न गेलेले पोलाद एका पावसाळ्यातही बिघडू शकते.

अशी नळी बदलणे म्हणजे एक नलिका काढून दुसरी बसवणे नव्हे. नळीच्या आतील भिंतीवर गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा असतात, आणि विंचेस्टरच्या .३०-३० या काडतुसासाठी त्या साधारणपणे बारा इंचांत एक पूर्ण फेरा घेतात. नळीचे मागचे टोक आट्यांनी रायफलच्या सांगाड्यात घट्ट बसते आणि ते पूर्ण आवळले गेले असता वरची माशी, म्हणजे नेम धरण्याची खूण, नेमकी माथ्यावर यावी लागते. बहुतेक लिव्हर अॅक्शन रायफलींत काडतुसे साठवणारी दुसरी नळी मुख्य नळीखाली टांगलेली असल्याने तिच्या आधाराच्या खाचाही ठरल्या जागी हव्यात. सर्वांत नाजूक बाब हेडस्पेसची: बंद झालेल्या बोल्टचे तोंड आणि काडतुसाची कड टेकते ती बैठक यांतील अंतर ठरावीक मर्यादेबाहेर वाढले, तर पितळी कवच फाटून तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. ब्रिटनमध्ये १८६८च्या कायद्याने जास्त दाबाच्या चाचणीतून गेलेल्या नळीवर शिक्का मारणे बंधनकारक ठेवले, ते याच भीतीपोटी.

भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्र या संज्ञेत शस्त्राचे भागही येतात, आणि कलम ५ नुसार शस्त्र तयार करणे, विकणे, बदलणे, दुरुस्त करणे व त्याची चाचणी घेणे या सर्वांसाठी व्यावसायिकाला परवाना लागतो. किरकोळ भागांना कलम ४५ मध्ये काही सूट आहे, परंतु ते भाग दुसऱ्या पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसेल तेव्हाच, आणि नळीला किरकोळ म्हणता येणे कठीण आहे. त्याच कलमात पुरातन किंवा मोडक्या शस्त्रालाही सूट असली, तरी दुरुस्तीनंतरही जे चालू शकत नाही त्यालाच ती मिळते; म्हणजे गंजलेल्या नळीची रायफल परवान्याच्या कक्षेतच राहते. परवान्यावर शस्त्राचा क्रमांक आणि बोअर, म्हणजे नळीचा अंतर्व्यास, नोंदलेला असल्याने नळी आतून मोठी करून वेगळे काडतूस वापरण्याचा उपाय परवाना प्राधिकरणाच्या मंजुरीविना गुन्हाच ठरू शकतो. मुलुंडपर्यंतच्या रहिवाशासाठी हे प्राधिकरण म्हणजे मुंबईचे पोलीस आयुक्त आणि चेकनाक्यापलीकडे ठाण्याचे. तेव्हा पहिला अर्ज तेथे, आणि लोखंडाचा विचार त्यानंतर.

मंजुरी मिळाली तरी नळी आणायची कोठून, हा प्रश्न उरतोच. विंचेस्टरचा न्यू हेवन येथील कारखाना २००६ मध्ये बंद झाला आणि त्या नावाच्या रायफली पुढे जपानच्या मिरोकू कंपनीत बनू लागल्या. परदेशातून खासगी व्यक्तीने शस्त्र आणण्यावर १९८०च्या दशकापासून कडक निर्बंध आहेत. नामवंत नेमबाजांना मिळणारी सवलत स्पर्धेच्या शस्त्रांसाठी आहे, आजोबांच्या रायफलीसाठी नव्हे. देशात खासगी बंदूक कारखाने दीर्घकाळ खाचा नसलेल्या नळीच्या बंदुकांपुरते मर्यादित राहिले, आणि ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल वेगळ्याच, बोल्ट अॅक्शन जातीची असल्याने तिची नळी येथे बसत नाही.

मग राहतो तो त्याच नमुन्याची, परवानाधारक हातांतील दुसरी रायफल कायदेशीर हस्तांतराने घेऊन तिची नळी वापरण्याचा मार्ग. येथेही जुळणी डोळ्यांनी ठरत नाही, कारण नमुना तोच असला तरी निर्मितीच्या काळानुसार भागांत फरक पडतात. शिवाय विंचेस्टर १८९५ हा नमुना .३०३ काडतुसासाठीही बनला होता, आणि लष्करी वापराचा तो बोअर भारतात निषिद्ध गणला जातो. त्याहून मोठी अडचण २०१९च्या दुरुस्तीने निर्माण केली आहे: एका परवानाधारकाला आता तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे केवळ नळीसाठी घेतलेली रायफल दुसरी जागा अडवते, आणि नळी काढल्यानंतर उरलेला क्रमांकित सांगाडाही कायद्याच्या दृष्टीने शस्त्रच राहतो. तो भंगारात टाकता येत नाही आणि त्यावरील क्रमांक खोडणे हा कलम ८ खालील स्वतंत्र गुन्हा आहे. शस्त्रांचे परवाने कडक असणे योग्यच आहे, पण जुनी नळी जमा करून त्याच बोअरची नवी चाचणीसिद्ध नळी सरकारी कारखान्यातून घेण्याची सोय उपलब्ध झाली, तर एका सदोष शस्त्रासाठी दुसरे धड शस्त्र मोडण्याची गरज पडणार नाही. तोवर खड्डे पडलेल्या नळीतून एकही गोळी न झाडता ती रायफल परवान्यावर, कोरड्या कपाटात, आहे तशी जपणे हाच शहाणा निर्णय ठरतो.